तायमीनं निवडलेली गोळी

तायमी रांटा आमच्या घरासमोर राहते. मधे फक्त रस्ता, आणि तो रस्ता हिवाळाभर उघडा ठेवायचं काम तिचंच. काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, बर्फ लोटणारा ट्रक ती चालवते. चणीनं लहान, सीटवर जाड उशी घेतल्याशिवाय तिला काचेपलीकडचं दिसत नाही; पण तिच्या हातचा रस्ता आणि दुसऱ्या कुणाच्या हातचा रस्ता यातला फरक आमच्याकडे कुणीही सांगेल. बाकीचे ड्रायव्हर लोकांच्या फाटकासमोर बर्फाचा बांध घालून जातात. तायमी प्रत्येक फाटकापाशी पातं किंचित वळवते, बांध पुढच्या झाडीत नेऊन टाकते. तिला कुणी तसं सांगितलेलं नाही. मी एकदा आभार मानले तर म्हणाली, "अगं इंदू, तुमच्याकडे ते फावडं घेऊन कोण उभं राहणार? ग्लेन? त्याची पाठ मला ठाऊक आहे." ग्लेन म्हणजे माझा नवरा. त्याची पाठ सगळ्या गावाला ठाऊक आहे.

तिचा नवरा रेनो लाकडाच्या गिरणीत होता. बोलका माणूस. सौनात, अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघरात, बसला की बाहेर रस्त्यावर ऐकू जाई इतका बोलका. नोव्हेंबरात हरणांचा हंगाम उघडला की गिरणी निम्मी ओस पडायची आणि त्या निम्म्यांत रेनो पहिला असायचा. घरातला मोठा फ्रीझर त्याच्या जिवावर भरायचा. तायमीनं कधी बंदूक उचलली नव्हती. हरीण घरी आलं की सोलणं, कापणं, बांधून ठेवणं हे तिचं, आणि त्यात तिचा हात सुरेख होता. पण जंगलात चल म्हटलं की म्हणायची, थंडीत गप्प बसून राहायला मला जमत नाही, मला निदान इंजिनाचा आवाज लागतो.

मग एका जुलैत रेनो सौनामागं बर्चची लाकडं रचत होता आणि लाकडावर लाकूड पडल्याचा आवाज थांबला. तायमी स्वयंपाकघरात होती. ती सांगते की आवाजामुळं नाही, आवाज थांबल्यामुळं ती धावली.

पक्षाघाताचा झटका होता. ऑगस्टच्या शेवटी रेनो हॉस्पिटलातून घरी आला तेव्हा त्याचा उजवा हात लोंबत होता, उजवा पाय ओढत होता आणि वाचा गेली होती. समजत सगळं होतं. विनोद केला तर हसायचा, चुकीचा आकडा सांगितला तर मान हलवायचा. पण तोंडातून शब्द एकच यायचा, 'मंगळवार'. का मंगळवार, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. असं होतं म्हणाले. कॉफी मंगळवार, कुत्रा मंगळवार, तायमीही मंगळवार. पहिले काही दिवस ती दोघं यावर पोट धरून हसली. नंतर रेनोनं हसणं सोडलं, आणि हळूहळू तो एक शब्दही सोडला. हॉस्पिटलातून वाचा शिकवायला एक मुलगी यायची. ती चित्रांचे पत्ते मांडायची, सफरचंद, खुर्ची, चमचा. रेनो ते पत्ते डाव्या हातानं अलगद गोळा करून तिला परत द्यायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा. जाताना ती तायमीला म्हणाली की सफरचंद-खुर्चीत त्याला रस नाही हे मलाही दिसतंय. त्याला जे सगळ्यात चांगलं येतं त्याबद्दल विचारा, ते तुम्हाला शिकवायला लावा.

तायमीनं ते ऐकून घेतलं. तेव्हा लगेच काही केलं नाही.

सप्टेंबर सरता सरता रेनोचा धाकटा भाऊ सुलो आला. मी तिथंच होते, वेलदोड्याचा पाव घेऊन गेले होते. सुलो मनाचा मोकळा, पण तोंडाला फाटक नाही. कॉफी ओतून घेताना म्हणाला की यंदा फ्रीझरची काळजी करू नका, माझ्या पहिल्या हरणातलं अर्धं तुमचं. चांगल्या मनानंच म्हणाला. रेनो उठला, काठी घेतली, पाय ओढत आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

सुलोचा चेहरा पडला. "मी काय वाईट बोललो?"

"काही नाही," तायमी म्हणाली. मग कप खाली ठेवला आणि म्हणाली, "तुझं हरीण तूच खा. इथलं हरीण मी आणीन."

"तू?" सुलो हसला. "वहिनी, तू रस्त्यावरचा बर्फ ढकलतेस. हरीण रस्त्यावर पडलेलं नसतं गं."

"तू मागच्या वर्षी जंगलातून काय आणलंस? सर्दी."

सुलोनं मान खाली घालून पाव खाल्ला. पण जाताना दारात थांबून म्हणाला, खरंच जाणार असशील तर रविवारी खाणीवर ये, मी येतो.

खाण म्हणजे गावाबाहेरची खडीची खाण. निशाण धरायला सगळे तिथंच जातात. तायमीनं रेनोची मोठी रायफल नेली, तीनशे आठ मापाची. पहिल्या गोळीनं तिचा खांदा काळानिळा झाला, दुसऱ्या गोळीच्या आधीच तिचे डोळे मिटले. तिसरी तिनं झाडलीच नाही. सुलोनं टिंगल केली नाही. तो घरी गेला आणि आईची रायफल घेऊन आला. त्यांची आई हिल्या सत्तरीपर्यंत शिकार करायची. तिची रायफल त्याहून बारीक गोळीची, टू-फोर्टी-थ्री, हलकी, दस्ता आखूड करून घेतलेला. तायमीनं ती खांद्याला लावली आणि ती तिच्यासाठीच बनवल्यासारखी बसली. धक्का जेमतेम. डोळे उघडे राहिले.

सुलोकडची उरलीसुरली जुनी काडतुसं तिथंच संपली, म्हणून दुसऱ्या दिवशी ती लेस्टरच्या बंदूक-काडतुसांच्या दुकानात गेली. हंगामाच्या तोंडावर त्याच्या फळ्या धान्य संपलेल्या कोठारासारख्या दिसतात. तिनं टू-फोर्टी-थ्री मागितली, त्यानं जे उरलं होतं ते दिलं. सरळ जाते, झपकन जाते, खांद्याला कळतही नाही, असं म्हणाला. त्यातलं काही खोटं नव्हतं. कशासाठी हवी ते त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

घरी येऊन तिनं डबी रेनोपुढं ठेवली, हरणासाठी आणली म्हणाली. त्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता तिला. खाणीवर गेल्याचंही तिनं लपवून ठेवलं होतं. रेनोनं डबी डोळ्यांजवळ नेली. कोपऱ्यातला गोळीच्या वजनाचा आकडा वाचला. मग डाव्या हाताच्या एका फटक्यात ती टेबलावरून खाली उडवली. डबी फुटली, काडतुसं घरंगळत चुलीखाली गेली.

तायमी सरळ रस्ता ओलांडून माझ्या पायरीवर येऊन बसली. बर्फाच्या वादळात अठरा-अठरा तास ट्रक हाकणारी बाई, पण तेव्हा तिच्याकडे बघवत नव्हतं.

"त्याची जागा मी घेतेय असं त्याला वाटलं," ती म्हणाली. "मी काय करायला गेले आणि काय झालं."

 मी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, चल, निदान चुलीखालची काडतुसं तरी काढू, कुत्र्याच्या तोंडात जातील.

आम्ही गेलो तर रेनो जमिनीवर होता. पडला की काय म्हणून तायमी धावली, पण तो पडला नव्हता. धड गुडघ्यावर बसून, काठीनं चुलीखालचं एकेक काडतूस बाहेर ओढत होता आणि फरशीवर ओळीनं उभं करत होता. आम्हाला बघून त्यानं कपाटाकडे बोट केलं. तिथल्या तंबाखूच्या जुन्या डब्यात खिळे, स्क्रू, बटणं आणि आईच्या रायफलीचं एक काडतूस होतं, काळवंडलेलं. त्यानं ते नव्या काडतुसाशेजारी उभं केलं.

दोन्हींची पितळी नळी सारखीच. वरची गोळी वेगळी. नव्याची आखूड, जुन्याची लांब. तायमीचं बोट धरून त्यानं जुन्या गोळीच्या टोकावर ठेवलं. तांब्याचं आवरण टोकापाशी संपत होतं आणि आतलं करडं शिसं उघडं होतं. तिच्या नखानं त्यावर ओरखडा उठला.

"मऊ आहे," ती म्हणाली. मग नव्या गोळीवरही नख ओढलं. "पण हीसुद्धा मऊच आहे की रे. मग बिघडलं कुठं?"

रेनोनं डावी मूठ आवळली. ती पुढं नेली, आणि तायमीच्या दंडाला टेकताक्षणी पाचही बोटं फाडकन उघडली. मूठ तिथंच संपली. त्यानं नव्या, हलक्या गोळीकडे बोट केलं. मग पुन्हा मूठ आवळली. या वेळी ती तिच्या दंडाला टेकली, दाबत पुढं गेली, आणि जाता जाता बोटं हळूहळू उलगडत गेली, पुरती नाहीत, अर्धीच, अळंबीच्या छत्रीसारखी. आणि तशीच ती दंडाच्या पलीकडून बाहेर आली. त्यानं जुन्या गोळीकडे बोट केलं. शेवटी त्यानं मूठ केलीच नाही. एक बोट ताठ केलं, दंडाला लावून सरळ पलीकडं नेलं, दाभणासारखं, आणि मान जोरात हलवली. ही तिसरी म्हणजे पूर्ण आवरणाची, टोकही झाकलेली, ती तर आणूच नकोस.

"मंगळवार," तो म्हणाला. कितीतरी आठवड्यांनी. हलक्या गोळीकडे बघून रागानं, आणि मग लांब गोळीकडे बघून, एखादा पोराच्या पाठीवर थाप मारून बोलतो तसं पुन्हा, "मंगळवार."

तायमी फरशीवरच बसली होती. तिनं आपली मूठ आवळली आणि त्याला विचारलं, अशी? त्यानं तिची बोटं थोडी मिटवली. अशी? थोडी उघडली. मी कॉफी ठेवायच्या निमित्तानं तिकडं पाठ फिरवली.

हलकी डबी कोल्ह्यांसाठी होती. सुलोनं ते पाहताक्षणी ओळखलं. गॅरेजात रायफल पुसताना त्यानं तायमीला पुढचंही सांगितलं. रेनो तरुण असताना त्यानं हीच रायफल घेऊन अशाच हलक्या गोळीनं एका हरणीवर बार टाकला होता. नेम चुकला नव्हता. पण गोळी खांद्याच्या हाडावर आपटून तिथंच फुटली. कातडीखाली मोठी जखम झाली, खोल काहीच गेलं नाही. हरणी तीन पायांवर पळाली. रेनो अंधार पडेपर्यंत तिच्या मागं होता, दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा गेला आणि दुपारी सीडरच्या झाडांतल्या दलदलीत ती त्याला सापडली, जिवंत. पुढचं सुलोनं सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की त्या रात्री रेनो जेवला नाही आणि आईनंही आग्रह केला नाही.

"मला तो कधी बोलला नाही हे," तायमी मला म्हणाली. "एवढा बोलघेवडा माणूस. सगळं सांगायचा. हे नाही सांगितलं."

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं त्याला शाळा म्हणावं की संसार ते मला कळेना. तायमीनं लेस्टरला सांगितलं की हरणासाठी हवी आहे, शंभर ग्रेन वजनाची, मऊ टोकाची. लेस्टरनं जीभ चावली आणि आपल्या मेव्हण्याच्या साठ्यातून दोन कंपन्यांची एकेक डबी आणवली. वजन तेच, टोक तेच. तिला वाटलं झालं काम, यातली कुठलीही चालेल. रेनोनं बोट हलवलं, मग रायफलीकडे दाखवलं. कुठलीही नाही. बंदुकीला विचार.

मग रविवारी आम्ही सगळेच खाणीवर गेलो. रेनोला सुलोच्या ट्रकातून नेलं, खुर्ची टाकून दिली, पायांवर घोंगडी. माझ्या घरची साठलेली वर्तमानपत्रं रात्रभर टबात भिजवून, घट्ट बांधून मी नेली होती, कारण त्यानं खुणा करून तेच मागितलं होतं. तायमीनं आधी कागदावर नेम धरला. पहिल्या कंपनीच्या गोळ्या थाळीएवढ्या जागेत विखुरल्या. रेनोनं तिच्या खांद्याकडे, गालाकडे, श्वासाकडे पाहिलं आणि तुझी चूक नाही अशी मान हलवली. दुसऱ्या कंपनीच्या तीन गोळ्या बशीत मावतील एवढ्या जवळ पडल्या. सुलोनं दुर्बिणीतून पाहिलं आणि काही बोलला नाही, म्हणजे त्याला ते आवडलं होतं.

नंतर मांसाच्या जागी ठेवलेल्या भिजलेल्या गठ्ठ्यांवर. कोल्ह्याच्या गोळीनं वरच्याच थरांत केवढं तरी भगदाड पाडलं आणि आत शोधलं तर शिशाचा चुरा, तांब्याची टरफलं. शंभर ग्रेनची गोळी पहिला गठ्ठा भोकसून दुसऱ्यात खोल जाऊन बसली होती. तायमीनं ती बोटांनी उकरून काढली. पुढचं टोक उलगडून मागं वळलं होतं, मूळच्या जवळजवळ दुप्पट रुंद, आणि मागचा भाग तसाच भरीव. अजून कोमट होती. तिनं ती रेनोच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती अंगठ्यानं फिरवून पाहिली, पाहतच राहिला.

"मऊ," तो म्हणाला.

 सुलोनं तोंड उघडलं होतं, ते तायमीनं नुसतं बघून मिटवलं. हॉस्पिटलच्या मुलीनं आधीच बजावलं होतं की शब्द आला तर टाळ्या पिटू नका, माणूस बुजतो. तायमीनं एवढंच म्हटलं, "हो. मऊ. पण भुसभुशीत नाही." आणि तो पुन्हा म्हणाला, "मऊ."

त्या संध्याकाळी तिनं त्याला कॉफी दिली तर तीही मऊ, उशीही मऊ. तायमी म्हणाली, चला, आठवड्यात दोन वार झाले.

हंगाम उघडला त्या सकाळी घोट्याएवढा बर्फ होता. तिनं ट्रकाची पाळी बदलून घेतली होती. रेनोचं लपण म्हणजे प्लायवुडचं खोपटं, सीडरच्या दलदलीच्या कडेला, वर्षानुवर्षं तिथंच. सुलोनं रेनोला बर्फावरच्या घसरगाडीत बसवून बर्फावर चालणाऱ्या स्कूटरनं तिथपर्यंत ओढून नेलं, वर दोन घोंगड्या, नारिंगी टोपी. रेनो राजासारखा बसला होता. दोघांना आत बसवून सुलो आपल्या जागी गेला. पुढचं मला तायमीनं सांगितलं, आणि ती वाढवून सांगणारी नाही.

थंडीत गप्प बसणं तिला खरंच जमेना. पाय बधिर झाले. दोन माद्या पिल्लांसह येऊन गेल्या. आमच्याकडे त्या वर्षी परवाना नराचाच होता, म्हणून ती नुसती बघत राहिली. रेनो तिच्या उजव्या बाजूला, त्याचा धड हात तिच्या बाजूला. मग उजेड चांगला वर आल्यावर दलदलीतून नर बाहेर आला. मोठा नव्हता, पण भरलेला. तो सरळ त्यांच्याकडेच चालत येत होता. तिनं रायफल खिडकीच्या काठावर टेकवली. छाती समोर दिसत होती. बोट चापापाशी गेलं.

रेनोचा हात तिच्या दंडावर आला. जोर नव्हता, नुसता ठेवला.

तिला कळलं. समोरून मारलं तर या हलक्या रायफलीच्या गोळीला हाडातून, मांसातून, पोटातून लांबचा रस्ता काढावा लागेल, आणि कुठं थांबेल याचा भरवसा नाही. गोळी चांगली निवडली म्हणून कुठूनही मारायची मोकळीक मिळत नाही. हरीण थांबलं. कान हलवले. त्यांच्याकडे बघत राहिलं. रेनोचा हात दंडावरून हलत नव्हता. हरीण वळलं तर निसटणार, नाही वळलं तर मारता येणार नाही. शेवटी त्यानं मान खाली घालून बर्फ हुंगला, दोन पावलं टाकली आणि त्यांच्याकडे कूस करत आडवं झालं. खांद्यामागची जागा उघडी.

हात उचलला गेला.

तिनं श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. हरणानं उडी मारली, शेपटी खाली दाबली आणि दलदलीत घुसलं. ते गेलं.

ती उठायला लागली तर रेनोनं तिच्या कोटाची बाही पकडली. बस. ती म्हणाली, "रेनो, ते पळालं. मला बघू दे." त्यानं बाही सोडली नाही. जखमी जनावराला लगेच हाकललं तर ते मैलभर जातं; शांत राहू दिलं तर जवळच बसतं. हे तिला माहीत होतं, आयुष्यभर ऐकलेलं होतं, पण ऐकणं वेगळं. तो अर्धा तास तिला हंगामाएवढा वाटला. त्या हरणीचं तिच्या डोक्यात होतं, आणि त्याच्याही असणार. दोघंही त्याबद्दल बोलली नाहीत. एकाला येत नव्हतं आणि दुसरीला धीर नव्हता.

मग ती एकटी खाली उतरली. हरीण उभं होतं तिथं बर्फावर कापलेले केस होते, रक्त नव्हतं.  ती पावलांच्या ठशांवरून पुढं गेली. पहिल्या सीडरपाशी एक थेंब. त्याच्या पुढच्या झाडापाशी बर्फावर फेसाळ, गुलाबी शिंतोडा, आणि मग दोन्ही बाजूंनी, रंगाच्या कुंचल्यानं मारल्यासारखा. गोळी आरपार गेली होती. आडव्या पडलेल्या खोडापलीकडं हरीण पडलं होतं, डोळे उघडे, पूर्ण शांत. लपणापासून ते अंतर आमच्या पडवीपासून तिच्या पडवीएवढं, थोडं जास्त.

ती सांगते की तिला आनंद झाला नाही, आधी सुटकाच झाली. तिनं हातमोजा काढून त्याच्या मानेवर हात ठेवला. मग बाहेर मोकळ्यात येऊन खोपट्याकडे तोंड करून दोन्ही हात वर केले. खिडकीतून नारिंगी टोपी हलली.

सुलो बार ऐकून येतच होता. त्यानं हरीण पाहिलं, आत गेलेलं छोटं भोक आणि बाहेर पडलेलं मोठं भोक पाहिलं, आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"मांस किती कमी नासलंय बघ," तो म्हणाला. "वहिनी, पुढच्या वर्षी माझ्यासाठी पण तूच आण."

"तुझ्यासाठी सर्दी आणीन," ती म्हणाली, आणि मग ती रडली, थोडंसं, आणि सुलोनं तेवढा वेळ दोरखंड सोडवल्यासारखं केलं.

हरीण तिनं स्वतःच सोललं, कापलं. रेनो टेबलाशी बसून डाव्या हातानं कागदी पुड्या धरायचा, ती दोरा बांधायची. सुलोलाही एक मांडी गेली. माझ्याकडे पाठीचा तुकडा आला. मी तो आलं-लसूण लावून केला आणि वाटीभर रेनोला पाठवला. रिकाम्या वाटीबरोबर निरोप आला की त्याला आणखी हवंय. कसं कळलं म्हणून विचारलं तर तायमी म्हणाली, "त्यानं मागितलं. 'आणखी' म्हणाला."

शब्द असे येत गेले, तुटक, आडवळणानं, कधी कधी भलतेच. पुरा रेनो काही परत आला नाही. सौनातून आता रस्त्यावर आवाज येत नाही. उजवा हात तसाच आहे. पण तो पुन्हा माणसांत बसतो आणि लोक त्याच्या वाक्याची वाट बघायला शिकलेत. हे शिकवलं तायमीनं. त्याच्या तोंडातला शब्द उचलून पुढं पुरा करायची कुणी घाई केली की ती त्या माणसाला हातातलं काहीतरी काम सांगून उठवते. लेस्टरलासुद्धा तिनं एकदा त्याच्याच दुकानात पाणी आणायला पाठवलं होतं.

दुसऱ्या वर्षी तिला हरीण मिळालं नाही. एकदा मिळत होतं. सुंदर नर होता, पण झुडपांच्या दाट जाळीमागं. हलकी गोळी काय आणि जड काय, फांद्यांतून वाकडी जाते. तिनं बार टाकला नाही. घरी येऊन तिनं ते सगळं रेनोला सांगितलं आणि तो एवढा खूश झाला, जणू तिनं दोन आणली. त्या वर्षी अर्धं हरीण सुलोकडून आलं आणि रेनो टेबलावरून उठून गेला नाही.

गेल्या शरदात सुलोच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी मोठी रायफल बंद केली. सुलो आईची रायफल उसनी मागायला आला, जरा लाजतच. तायमीनं ती पुसून दिली. तो म्हणाला, आणि गोळी कुठली घेऊ गं, तुझी तीच? तायमीनं कढईतले मासे उलटले आणि म्हणाली, "मला काय विचारतोस? मला ज्यानं शिकवलं तो तिथं बसलाय."

सुलो रेनोसमोर खुर्ची ओढून बसला. रेनोनं त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे. त्याचे ओठ हलले, थांबले. सुलो, ज्याच्या तोंडाला उभ्या जन्मात फाटक नव्हतं, दोन्ही हात गुडघ्यांत धरून गप्प बसला. चुलीवर तेल तडतडत होतं. मी कप धुवायचे थांबवले.

"जड," रेनो म्हणाला. "जड घे. आणि... आडवं... आडवं होईपर्यंत... थांब."

"थांबतो," सुलो म्हणाला.

तायमीनं मासे ताटलीत काढले आणि सगळ्यांना जेवायला बसायला सांगितलं.